फट क्रॉचला, चूक कागदावर

सहा इंची हेडरवर (मुख्य पाईपवर) चार इंची ब्रँच, म्हणजे त्यातून निघणारी शाखा. दोन्ही पाईप शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीची ठराविक श्रेणी), काटकोनातलं जोडकाम, ब्रँच हेडरच्या अंगावर बसणारी. त्याआधी मी दोन इंचीच्या बऱ्याच ब्रँच बसवल्या होत्या, त्यामुळे चार इंची म्हणजे तेच काम जरा मोठं, एवढंच वाटलं होतं. माझा पहिला तुकडा भंगारात गेला. का गेला हे कळायला अर्धा दिवस लागला.

सुरुवात फर्म्यापासून, म्हणजे पाईपवर गुंडाळून कापायची रेघ आखायच्या कागदापासून. ब्रँचचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, म्हणजे परीघ ३५९.१ मिमी. जाड कागदाची पट्टी घेऊन त्यावर परिघाचे १६ समान भाग पाडले, एकेक भाग २२.४ मिमीचा. कागदाची जाडीही धरावी लागते. मिलिमीटरभर जाडीचा गॅस्केट शीट घेतला तर वेढा पूर्ण व्हायला तीन मिमी जास्त लागतात, आणि ते धरले नाहीत तर शेवटची रेघ पहिलीला मिळतच नाही. मी साधा कागद घेतला होता, तरी थोडा जास्तच ठेवला आणि पाईपवर गुंडाळून जिथे कडा मिळाल्या तिथे कापला.

मग प्रत्येक रेघेवर खोली काढायची, म्हणजे तिथे ब्रँचची कड किती खाली जायला हवी ते. हिशोब सोपा आहे: ब्रँचच्या त्रिज्येला त्या रेघेच्या कोनाच्या साईनने गुणायचं, त्याचा वर्ग हेडरच्या बाहेरच्या त्रिज्येच्या वर्गातून वजा करायचा, वर्गमूळ घ्यायचं आणि ते हेडरच्या त्रिज्येतून वजा करायचं. हेडरचा व्यास १६८.३, त्रिज्या ८४.१५. ब्रँचची त्रिज्या मी घातली ५७.१५. सगळ्यात खोल जागा आली २२.४ मिमी. कोन शून्यापासून सुरू केले. शून्य म्हणजे हेडरच्या लांबीच्या दिशेला असलेली जागा, तिला आम्ही क्रॉच म्हणतो. तिथे ब्रँच सगळ्यात आखूड असते. नव्वद अंशांवर दोन्ही बाजूंना खाली लोंबणारे कान येतात. बिंदू जोडून वळणदार रेघ काढली, कागद कापला, पाईपवर गुंडाळला. दिसायला सुरेख.

रेघ ओढून झाल्यावर डॉट पंचने ठिपके मारून घेतले. हे विसरलात तर पस्तावाल, कारण ज्योत लागली की खडूची रेघ काजळीखाली जाते आणि तुम्ही अंदाजाने कापत राहता. पाईप रोलरवर फिरवत, गॅस कटिंगचा टॉर्च कायम वरच्या बाजूला ठेवून, टोक पाईपच्या मध्याकडे रोखून कापलं. स्लॅग (कडेला थिजलेला मळ) झाडला, ग्राइंडर फिरवला आणि ब्रँच हेडरवर ठेवली.

कान टेकले आणि क्रॉचला दोन्हीकडे फट. थोडीथोडकी नाही, जवळजवळ पाच मिलिमीटर. दीड सुतापेक्षा जास्त (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

माझा पहिला संशय हातावर गेला. वाटलं, टॉर्च तिरका झाला असेल. कानांची आतली कड ग्राइंडरने थोडी खाल्ली, पुन्हा ठेवून बघितलं, पुन्हा खाल्ली. फट कमी होत होती, पण कानाची कड वेडीवाकडी होत चालली होती. तेवढ्यात मिस्त्री मागे येऊन उभे राहिले. त्यांनी ब्रँच उचलून आतून पाहिली.

"खोली काढताना त्रिज्या कुठली घेतलीस?"

"बाहेरची."

"का?"

"फर्मा बाहेरून गुंडाळायचा ना."

"बरं. आणि हेडरला टेकणार कुठली कड?"

मी ब्रँच परत ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. बाजूला, कानापाशी, हेडरचा उतार बाहेरच्या दिशेला खाली जातो. म्हणजे कानाची आतली कड उंचावर असलेल्या जागी येते आणि बाहेरची कड उताराच्या अंगाला. टेकते ती आतली. मी बाहेरच्या कडेसाठी खोली काढली आणि आतल्या कडेलाही तीच दिली. ती आत जास्तीची ठरली आणि तिच्यामुळे सगळी ब्रँच वर उचलली गेली.

कागदाची लांबी बाहेरून, खोली आतून. मिस्त्रींनी एवढंच सांगितलं आणि गेले. मी पुन्हा हिशोबाला बसलो. शेड्यूल ४० चार इंचीची भिंत ६.०२ मिमी, म्हणजे आतली त्रिज्या ५१.१३. आता १६ भागांच्या रेघांवर खोली अशी आली: क्रॉचला ०, मग २.३, ८.२, १४.५, आणि कानाला १७.३ मिमी. आधीची २२.४. फरक पाच मिलिमीटरचा, जो क्रॉचला फट होऊन समोर आला होता.

मग दोन इंचीच्या ब्रँच इतके दिवस कशा बसत होत्या, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचाही हिशोब केला. त्याच सहा इंची हेडरवर दोन इंचीला आतल्या त्रिज्येने खोली येते ४.२ मिमी आणि बाहेरच्या त्रिज्येने ५.६. जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक, तो मी दरवेळी ग्राइंडरने घालवत होतो आणि स्वतःला बारीक फिटिंग करणारा समजत होतो! उलट टोकाला जाऊन पाहिलं: चार इंची हेडरवर चार इंचीच ब्रँच असती तर बरोबर खोली ३१.६ मिमी, आणि माझ्या पद्धतीने ५७. कान सुरीच्या पात्यासारखे निघाले असते. ब्रँच जितकी हेडरच्या जवळपास जाईल तितकी ही चूक फुगते. लहान ब्रँचवर ती झाकली जाते.

दुसरा तुकडा. या वेळी कापण्याआधीच हेडरवर आखणी करून घेतली. परिघाची पट्टी (५२८.७ मिमी) दुमडून चार भाग केले, १३२ मिमीवर एकेक खूण. वरची खूण गुण्या आणि लेव्हलने पक्की केली. तिथून लांबीची रेघ ओढायला लोखंडी अँगल पाईपवर उलटा ठेवला की झालं, तो आपोआप पाईपच्या अक्षाला समांतर बसतो. सरळपट्टी पाईपवर सरकते, अँगल सरकत नाही. ब्रँचवरच्या चारही रेघा तशाच, आणि त्या पुसू दिल्या नाहीत; टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारताना त्याच कामाला येतात.

हेडरला भोक मात्र अजून पाडलं नव्हतं. मिस्त्रींचा तो एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत होतो, आणि पहिला तुकडा बिघडला तेव्हा त्याचा अर्थ कळला. ब्रँचचा तुकडा वाया गेला तर दुसरा कापता येतो, हेडरला चुकीचं भोक पडलं तर ते झाकत बसावं लागतं. ब्रँच नीट बसल्यावर तिच्या आतून खडूने रेघ मारून घेतली. ही रेघ सपाट कागदावर उतरवली तर गोल दिसत नाही: हेडरच्या लांबीच्या दिशेला १०२ मिमी, पण परिघावरून मोजलं तर ११०. कंपासने कागदावर गोल काढून तो फर्मा म्हणून चिकटवणारे इथेच फसतात.

भोक कापताना पहिला छेद रेघेवर द्यायचा नाही, मधल्या भागात द्यायचा आणि तिथून रेघेकडे यायचं, कारण सुरुवातीला धातू उडतो आणि कड खाल्ली जाते. मधला तुकडा हेडरच्या आत पडू नये म्हणून त्याला आधी एक वेल्डिंग रॉड उभा टॅक करून घेतला. शेवटचा छेद संपला आणि रॉडला धरून ती गरम टिकली बाहेर काढली. आत पडली असती तर ती शोधायला पाईप उलटा करावा लागला असता, आणि विसरली असती तर पुढे एखाद्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसली असती.

आता बेव्हल, म्हणजे वेल्डिंगसाठी कडेला द्यायचा उतार. इथे मी दुसरी चूक करणार होतो. ब्रँचच्या कडेला सगळीकडून सारखा उतार द्यायला निघालो होतो, सरळ पाईपच्या बट जॉइंटला (टोकाला टोक जोडताना) देतात तसा. पण हेडरवर ठेवलेली ब्रँच फिरून फिरून बघितली तर कानापाशी काहीही न करताच जागा उघडी होती, कारण हेडरच तिथे खाली वळलेला. आतल्या कडेपाशी तो उतार ३७ अंशांचा येतो. क्रॉचला मात्र हेडर सपाट आणि ब्रँचची कड त्यावर सपाट टेकलेली, रॉडला आत शिरायला जागाच नाही. म्हणून क्रॉचला पूर्ण बेव्हल, तिथून कानाकडे सरकताना हळूहळू कमी, आणि कानापाशी जवळजवळ नाहीच. सगळीकडे सारखा दिला असता तर कानापाशी नुसती खाई झाली असती. ती भरायला वेल्डरने रॉडवर रॉड जाळले असते आणि तेवढ्या उष्णतेने पाईप आणखी ओढला गेला असता. बेव्हल कमी करत नेणं हाताला यायला वेळ लागतो. मी टॉर्चने ढोबळ काढला आणि बाकीचा ग्राइंडरने जुळवला.

रूट गॅपसाठी (वेल्डिंगसाठी जोडाच्या तळाशी ठेवायच्या फटीसाठी) अडीच मिमीच्या वेल्डिंग रॉडवरचं फ्लक्स, म्हणजे वरचा लेप, झाडून आतली तार वाकवली आणि ब्रँचखाली ठेवली. ब्रँचची उंची कापताना हा गॅप वजा धरायचा असतो, नाहीतर ब्रँचच्या टोकाचा फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) तेवढा वर जातो.

पहिला टॅक क्रॉचला. तो थंड होताना ब्रँच त्याच्याकडे कलली, लेव्हलचा बुडबुडा सरकताना डोळ्यांनी दिसला. समोरच्या बाजूला हातोडीने हलकी ठोक दिली, गुण्या लावला, मग समोरच्या क्रॉचला दुसरा टॅक. त्यानंतर दोन कान. चारही रेघा हेडरवरच्या रेघांना मिळाल्या होत्या. वेल्डरने आतून बॅटरी लावली आणि बाहेरून गोल फिरून उजेडाची रेघ बघितली. एका जागी बारीक झाली होती, तिथे पातळ डिस्क घालून उघडायला सांगितली. वेल्डिंग त्याने एका दमात गोल फिरून नाही, समोरासमोर तुकडे पाडून केलं. सगळी उष्णता हेडरच्या एकाच अंगाला पडते, त्यामुळे त्याची टोकं ब्रँचच्या बाजूला वर उचलली जातात.

ड्रॉइंगमध्ये रीइन्फोर्समेंट पॅड होता, म्हणजे मजबुतीसाठी जोडाभोवती हेडरवर बसवायचा पत्रा. त्याला एक भोक लागतं, वेल्डिंग करताना आतली हवा निघायला आणि नंतर गळती असेल तर दिसायला. मी ड्रिल घेऊन सरळ क्रॉचपाशी पंच मारला, कारण तिथे हात चांगला पोचत होता. मिस्त्रींनी दुरून हात हलवला. एएसएमई बी३१.३ या पाईपिंगच्या कोडमध्ये हे भोक पॅडच्या बाजूला सांगितलेलं आहे, क्रॉचला नाही. पंचाची ती खूण ग्राइंडरने घासून घालवली आणि कानाच्या बाजूला नवीन मारली.