तुम्ही विचारलेत म्हणून: शिकलेल्या घोड्यावर बसून काय शिकता?

"पुण्यात घोडे नाहीत का? आणि त्या घोड्याला सगळे येत असेल, तर त्यात तुमचे काय?" पोर्तुगालला शिकलेल्या घोड्यावर स्वारी शिकून परतले की क्लबमध्ये हे ऐकावे लागते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पुण्यात घोडे आहेत. माझा घोडा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. गुणी आहे, पण तो चुकला तर चूक त्याची की माझी, हे मला कधी कळत नसे. लिस्बनजवळच्या पागेतला म्हातारा लुसितानो, म्हणजे पोर्तुगीज जातीचा घोडा, जागच्या जागी तालात दुडकी धरतो, चौखूर धावताना दर झेपेला आघाडीवर पडणारा पाय बदलतो. मात्र काहीही आपण होऊन करत नाही. स्वाराने विचारावे लागते, आणि तो मनातले नव्हे, शरीराने विचारलेलेच ऐकतो.

एका सकाळी शिक्षिकेने त्याला मध्यरेषेवर सरळ चालवायला सांगितले. तो मान उजवीकडे किंचित वळवून, पायावर पाय आडवा टाकत, सुरेख तिरपा चालला. पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. मी डावा लगाम ओढला, तेव्हा त्याने फक्त कान मागे केले. शिक्षिकेने घोड्याला काहीच म्हटले नाही. माझ्या उजव्या नितंबाखाली तळहात सरकवला आणि सारे वजन कुठे आहे ते दाखवले. जुन्या पडण्यानंतर आखडलेला माझा खुबा त्याला 'उजवीकडे चल' असे सांगत होता, आणि तो इमानाने चालत होता. मग लगाम आणि रिकिबी काढून तिने मला लांब दोरीवर गोल फिरवले. मांड पक्की असल्याचा माझा अभिमान तिथे उतरला. पुण्याचा घोडाही उजवीकडेच सरकतो. आम्ही त्याला वाकडा ठरवून तोंडात अधिक कडक कडियाळे (लगामाला जोडलेली धातूची दांडी) घातले होते.

घोडा घडवतो तोच खरा स्वार, आयता घोडा हा पैसेवाल्यांचा चोचला, असे पूर्वी मीच म्हणत असे. चोचला आहेच, खर्चाचे समर्थन मी करणार नाही. पण व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही कसलेला घोडा नवख्या स्वाराला शिकवतो आणि कसलेला स्वार नवख्या घोड्याला. आपल्याकडे मात्र दोघेही नवखेच एकमेकांच्या गळ्यात पडतात.

कडियाळे मी बदलले. घोडा अजून उजवीकडे सरकतो, पूर्वीपेक्षा कमी. उरलेला वाकडेपणा त्याचा की माझा, यावर क्लबमध्ये अजून वाद चालतो, आणि माझे मत दर आठवड्याला बदलते.