साडेसहाशेचा रेझिस्टर

मागच्या मे महिन्यात मी पण फसलो, सांगूनच टाकतो. ऑनलाइन एक पिटुकला प्लग दिसला, ६५० रुपये, पिकअप पण वाढणार मायलेज पण वाढणार, आणि माझी १५० सीसीची बीएस-६ गाडी सिग्नलवरून निघताना जरा गचके देते, म्हटलं बघू तर. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा, मध्ये हा प्लग घुसवायचा, झालं.

पहिले दोन दिवस गाडी खरंच मऊ वाटली हो, इथे इंदूरला पलासियाच्या सिग्नलवर मी उगाच खुश. मग टाकी ते टाकी हिशोब लावला तर मायलेज ४४ चं ४१ झालेलं! शेवटी ब्लेड घेऊन वरची काळी नळी चिरली, आत काय तर रंगीत पट्ट्यांचा एकुलता एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा चिमुकला पुर्जा, रुपया-दोन रुपयाला मिळतो तो. आमचा मिस्त्री बघून म्हणे, "भिया, ये तो रेडियो का पुर्जा है."

हा करतो काय, तर थाप मारतो. हवा गार झाली की त्या सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, हा प्लग तो उगाचच वाढवतो, मग ईसीयू, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, समजतो हवा दाट आहे, पेट्रोल जास्त सोडा. म्हणजे इंदूरात ४५ डिग्रीची हवा आत जातेय आणि ईसीयूला वाटतंय २५ आहे, साधं गणित केलं तरी ६-७ टक्के पेट्रोल जादा. आता जास्त पेट्रोल ओतून मायलेज कसं वाढणार हे मला खरेदीच्या आधी सुचायला हवं होतं, असो.

बरं ही थाप पचत पण नाही. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण बिघडलं की तो लगेच चुगली करतो, ईसीयू पेट्रोल परत कापतो, म्हणून शांतपणे चालवताना चार दिवसांत गाडी होती तशीच. फक्त सिमरोलच्या घाटात थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही आणि तिथे जादा पेट्रोल जळतंच, माझे ३ किलोमीटर बहुतेक तिथेच गेले.

मायलेजच्या नावाने पेट्रोलच्या नळीवर लावायला जे चुंबक विकतात त्याबद्दल तर बोलायलाच नको. इंजेक्टर किती वेळ पेट्रोल फवारतो ते खरोखर बदलणारे कंट्रोलर वेगळे, ते काम करतात, पण महाग, आणि सायलेन्सर-फिल्टर बदलले असतील तरच त्यांना अर्थ. ऑफिसला जायच्या गाडीला कशाला?

आणि ते गचके? चेन लोंबत होती. मिस्त्रीने ताणून दिली, ५० रुपये, आणि मागच्या टायरात हवा कमी होती ती फुकटात भरली. आता ४६ देतेय. चिरलेला प्लग ड्रॉवरमध्ये पडलाय, कोणाला हवा असेल तर रामबागेत या, वर चहा पाजतो.