बेलफास्टचा जुना पेपर आणि अमेरिकेला निघालेली जहाजं

इथल्या, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या, लिननहॉल लायब्ररीत 'न्यूज लेटर'चे १७७०च्या दशकातले अंक मायक्रोफिल्मवर चाळले, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत. फ्रान्सिस जॉय यांनी १७३७ साली सुरू केलेला हा पेपर आजही निघतो. १८५५ साली वर्तमानपत्रांवरचा स्टँप कर उठला, त्याच वर्षी तो रोज निघू लागला. जॉय यांचा नातू हेन्री जॉय मॅक्रॅकन १७९८च्या उठावात ब्रिटिशांविरुद्ध लढला आणि याच शहरात फासावर गेला. आजचा पेपर मात्र ब्रिटनशी नातं राखावं या मताचा.

मी बातम्या बघायला गेले आणि जाहिरातींत अडकले. बेलफास्ट, लार्न, न्यूरीहून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कला जाणारी जहाजं! जहाज किती टनांचं, कप्तान कोण, एजंट कोण, शिवाय वाटेत खाण्यापिण्याची आबाळ होणार नाही याची हमी. पुढच्या अंकांत तीच जाहिरात, फक्त तारीख पुढे ढकललेली. टनांचे आकडेही फुगवलेले असत, असं इतिहासकार सांगतात. तेव्हा लिननचा धंदा बसला होता, जमिनीचे खंड वाढले होते, विणकरांच्या हाताला काम नव्हतं. पलीकडे सुखरूप उतरल्यावर प्रवासी कप्तानाचे जाहीर आभार मानायचे, तेही इथेच छापून यायचे. एजंटाची त्यात फुकट जाहिरात होत असे, हे खरंच. पण आपलं माणूस पोचलं, हे कित्येक आयांना त्या चार ओळींतूनच कळलं असेल.

'तुमची हुशार मुलं देश सोडून का येतात?' असं मला इथे विचारलं जातं. आता माझ्याकडे उत्तर आहे: तुमची गेली, त्याच कारणांनी.

इंग्रजीतलं सगळ्यात जुनं चालू दैनिक म्हणून यांचा जो अभिमान आहे, तोही मी मुकाट्याने ऐकून घेत नाही. आपल्या फोर्टातला 'मुंबई समाचार' १८२२ पासून निघतो आहे. गुजराती असला म्हणून काय झालं, मुंबईचाच ना! बाळशास्त्रींचं 'दर्पण' १८३२चं. आणि जुने अंक जपण्याचं म्हणाल, तर यांच्याकडेही पहिल्या वर्षाचा एकही अंक उरलेला नाही. सगळ्यात जुना आहे तो १७३८चा.

'ज्ञानप्रकाश' आठवला की मात्र माझा आवाज खाली येतो. १८४९ साली पुण्यात निघालेला, १९०४ पासून दैनिक झालेला हा पेपर शंभर वर्षं चालून बंद पडला. आपण जुन्या पेपरांतले अग्रलेख वेचतो, त्यांची पुस्तकं काढतो. जाहिरातींकडे कोण बघतं? कुठली माणसं कशासाठी कुठे निघाली होती, कुणाच्या भरवशावर, हे तिथेच सापडायचं. 'ज्ञानप्रकाश'च्या फायली ज्यांच्या हाताशी आहेत, त्यांनी ही पानं एकदा नीट वाचावीत आणि त्यावर लिहावं. मी इथे वाट बघते आहे.