आमची वाटचाल : यार्डातल्या पट्टीपासून सर्टिफिकेटपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर देणं हा आमचा मूळ धंदा. हळदीचे, बेदाण्याचे सौदे झाले की हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी काढायची. सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवरच चालायचं. 2019 च्या महापुरानंतर मात्र व्यापारीच म्हणू लागले, "आमचा हिशेब गावाबाहेर कुठंतरी ठेवा." तेव्हा आम्ही क्लाउडवर गेलो.

सर्टिफिकेट म्हणजे साइट खरीच त्या नावाची आहे याचा डिजिटल दाखला; त्याच्यावरच जोडणी सुरक्षित होते. हे काम आमच्याकडं आलं ते एका आडत्यांमुळं. त्यांची यंत्रणा दुसऱ्या कुणी बसवलेली. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साइट नीट उघडायची, पण शेतकऱ्यांच्या मोबाइलवरचं ॲप जोडणी नाकारायचं. ॲपमधली सर्टिफिकेटची तपासणीच बंद करा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. मला तो अजिबात पटला नाही. पट्टीसोबत शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक जातो. तपासणी काढली, तर मधे बसलेला कुणीही तो वाचू शकतो.

सर्टिफिकेटची मुदत शिल्लक होती, डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) नावही बरोबर होतं. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासायच्या साधनातल्या एस-क्लायंट कमांडनं सर्व्हर काय पाठवतोय ते पाहिलं आणि उलगडा झाला : तो फक्त स्वतःचं सर्टिफिकेट देत होता, त्याला विश्वासू मूळ संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट, म्हणजे इंटरमीजिएट, देतच नव्हता. क्रोम ते मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतो. अँड्रॉइड ॲप सहसा आणत नाही. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये, फक्त साइटचं सर्टिफिकेट असलेल्या सर्ट डॉट पेम फाइलच्या जागी मधल्यासकट सगळी साखळी असलेली फुलचेन डॉट पेम लिहिली, बदल लागू व्हावा म्हणून सर्व्हर रीलोड केला, ॲप चालू झालं. तपासणी जशीच्या तशी राहिली, याचं मला जास्त समाधान.

मग मिरज, तासगावकडूनही फोन येऊ लागले. बहुतेक ठिकाणी दुखणं ओळखीचं. सर्व्हरचं सुरक्षित जोडणीचं दार, पोर्ट 443, उघडं, पण साध्या जोडणीचं 80 फायरवॉलमध्ये (बाहेरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत) बंद. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था. साइट आपलीच आहे ना, हे बघणारी तिची एचटीटीपी पडताळणी 80 वरूनच सुरू होते, त्यामुळं नूतनीकरण अडतं आणि 90 दिवसांची मुदत संपली की गिऱ्हाइकाला धोक्याची पाटी दिसते. कधी नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलेलं असतं, पण रीलोड न झाल्यानं सर्व्हर जुनंच दाखवतो. म्हणून आम्ही फाइलवर विसंबत नाही, रोज बाहेरून साइटला जोडून तारीख बघतो.

विकतच्या सर्टिफिकेटांचीही मुदत आता आखडतेय. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांनी ठरवलेल्या नियमानुसार 15 मार्च 2026 पासून कमाल 200 दिवस, 2029 मध्ये 47. वर्षातून एकदा हातानं सर्टिफिकेट बसवणारी आमची जी दुकानं उरलीत, ती हळदीच्या हंगामाआधी स्वयंचलित नूतनीकरणावर नेण्याचं काम सध्या चालू आहे.