मान, माना, मानेत

गेली काही वर्षे मी मराठी येत नसलेल्या प्रौढांना मराठी शिकवते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा परभाषकाला शिकवायची म्हटली, की हाताशी साहित्य फार थोडे असते. पुण्यात जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्याला पायरीपायरीने जाणारी पुस्तके आणि परीक्षा सहज मिळतात. मराठी शिकणाऱ्याच्या हाती बहुधा लहान मुलांची अंकलिपी दिली जाते. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७० च्या दशकात परभाषकांसाठी नेटकी पाठ्यपुस्तके तयार केली, आणि आजही अडचण आली की मी त्यांच्याकडेच वळते.

माझी खरी परीक्षा पाहिली ती केरळहून आलेल्या एका परिचारिकेने. तिला रुग्णांशी बोलण्यापुरते मराठी लवकरात लवकर हवे होते, म्हणून आम्ही शरीराच्या अवयवांपासून सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी अडलो. तो दात, ती जीभ, ते नाक. तो डोळा, ती मान, ते पोट. मल्याळममध्ये क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे ‘दात दुखतो’, ‘मान दुखते’ आणि ‘पोट दुखतं’ ही तीन वेगळी रूपे का, हेच तिला उमगेना. याउलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक, जो माझ्या युरोपीय विद्यार्थ्यांना अनेक महिने छळतो, तो तिने क्षणात आत्मसात केला, कारण मल्याळममध्येही ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘नम्मळ’ आणि वगळणारे ‘ञङ्ङळ’ असे दोन शब्द आहेत. ‘ळ’ तर तिच्या जिभेवर आधीपासूनच होता.

एके दिवशी तिने विचारले, “मानेत कळ येते, मग पाठेत का नाही? पाठीत का?” शाळेत मी ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घडाघडा म्हटले होते, पण प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे सामान्यरूप होते, ते कधी कसे होते, हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नव्हते. ज्याला ‘पाठीत’ म्हणता येतेच, त्याला शाळेचे व्याकरण त्या रूपाचे नाव सांगते; ज्याला ते म्हणायला शिकायचे आहे, त्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. त्या रात्री मी व्यंजनान्त, म्हणजे उच्चारात व्यंजनाने संपणाऱ्या, स्त्रीलिंगी शब्दांची यादी करत बसले. वीट, विटा, विटेला. भिंत, भिंती, भिंतीला. जीभ, जिभा, जिभेवर. विहीर, विहिरी, विहिरीत. ज्याचे अनेकवचन आकारान्त, त्याचे सामान्यरूप एकारान्त. ज्याचे अनेकवचन ईकारान्त, त्याचे सामान्यरूपही ईकारान्त. व्याकरणकारांना हे अर्थातच ठाऊक होते, पण जन्मभर बिनचूक वापरलेला हा नियम माझ्यासमोर असा उभा राहिला, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. तेव्हापासून मी कोणताही स्त्रीलिंगी शब्द एकटा शिकवत नाही. मान, माना, मानेत असा त्रिकूटानेच शिकवते.

मराठीची छापील व्याकरणे मुळात अशाच गरजेतून सुरू झाली, हे मला नंतर जाणवले. मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून प्रसिद्ध केलेले व्याकरण कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकता यावी यासाठी होते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. पुढे आपल्या शाळांसाठी व्याकरणे होत गेली आणि शिकू पाहणारा परका माणूस बाजूला पडला, असे मला वाटते.

तो बाजूला पडतो तो रस्त्यावरही. माझी विद्यार्थिनी जुळवून जुळवून मराठीत प्रश्न विचारी, आणि समोरचा माणूस पहिल्या चुकीसरशी हिंदीत उत्तर देई. यात तुच्छता नसते, बहुतेकदा सौजन्यच असते. पण दिवसातून दहा वेळा असे झाले, की शिकणारा गप्प होतो. वर्गात मी कितीही शिकवले तरी भाषा मुरते ती वर्गाबाहेर, म्हणून मी तिला घेऊन मंडईत गेले आणि ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवले, की कितीही वेळ लागला तरी हिच्याशी मराठीतच बोला.

मावशींनी ते फार मनावर घेतले. विद्यार्थिनी म्हणाली, “मेथीची दोन जुडी द्या.” मावशींनी मेथी उचलली, पण पिशवीत टाकली नाही.

“एक जुडी. दोन जुड्या. म्हण बघू.”

ती म्हणाली. मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता, तिने आपणहून विचारले, “या जुडीला किती?”