एकरुखची जुनी चारी आणि मे महिन्यातलं सोलापूर

सोलापूरला जायचं तर शहाणी माणसं जानेवारीत जातात. गड्ड्याची जत्रा असते, शेतात हुरडा असतो, हवाही अंगाला मानवते. मी गेलो मे महिन्यात आणि तेही एका कोरड्या चारीतला, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटातला, गाळ उपसायला. पुण्यात माझ्याबरोबर काम करणारा एक सोलापूरकर मित्र आहे, त्याच्या मामाच्या गावात हे श्रमदान चाललं होतं. ‘येतोस का बे, भाकरी मिळंल, हवा नाही मिळणार,’ एवढंच आमंत्रण होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

हुतात्मा एक्सप्रेसने संध्याकाळी पुणं सोडलं आणि दौंड, कुर्डुवाडी, मोहोळ करत रात्री सोलापूर गाठलं. गाडीतून उतरताच फलाटाने दिवसभर साठवलेली ऊब पायाखालून वर आली. रिक्षावाला एका प्रवाशाशी कानडीत, दुसऱ्याशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत घासाघीस करत होता. तिन्ही भाषांत भाव मात्र एकच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तुळजापूर रस्त्याने निघालो. शहर मागे पडून थोडा वेळ होतो न होतो तोच हिप्परग्याचा तलाव दिसायला लागतो. कागदोपत्री नाव एकरुख तलाव, पण सोलापुरात कुणीही हिप्परगा तलावच म्हणतं. आदिला नदीवर बांधलेला हा तलाव 1871 चा. दोन किलोमीटरहून लांब, साधारण 21 मीटर उंच आणि सगळा मातीचा बांध. साठवण दोन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. आता 117 टीएमसीच्या उजनीशी तुलना केली तर हे काहीच नाही, पण उजनी 1980 ची. त्याआधी शंभरेक वर्षं या भागातली बागायत आणि पुढे शहराचं पिण्याचं पाणीसुद्धा या तलावाच्या जिवावर चाललं. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मनाला येईल तसा, त्यामुळे तलावाच्या पातळीची चौकशी इथे माणसाच्या तब्येतीसारखी होते. (‘हिप्परगा किती आहे?’ हा प्रश्न मी दोन चहांच्या टपऱ्यांवर ऐकला.)

या तलावातून कालवे निघतात, कालव्यांतून चाऱ्या आणि चाऱ्यांतून पोटचाऱ्या. आम्ही ज्या चारीवर गेलो, तिच्यातून कित्येक वर्षं पाणी गेलेलं नव्हतं. आधी तलावच भरेना. मग लोकांनी विहिरी खोल केल्या, बोअर मारल्या आणि चारीकडे पाहायचं सोडून दिलं. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत ओढ्याचं पाणी आडवं शिरून तिचा काठ जागोजागी फुटला. आता उजनीचं पाणी उपसा योजनेतून एकरुखमध्ये येतं, म्हणून गावाला पुन्हा चारीची आठवण झाली. पाणी आलं तर आपल्या चारीतून वाहील का, हा प्रश्न पडला आणि जाऊन बघितलं तर चारीच सापडेना, असं मामा सांगत होते.

सापडेना हे अक्षरशः खरं होतं. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी चारी मोकळी झालेली होती, तरी उरलेल्या भागात वेड्या बाभळीचं रान होतं आणि त्याच्या मधूनमधून बेशरमाची हिरवीगार झुडपं. कडक उन्हात तेवढंच काय ते हिरवं. मोठ्या बाभळी काढायला जेसीबी आणला होता, डिझेल लोकवर्गणीतून. बाकी काम टिकाव, खोरी आणि घमेल्यांचं. सकाळी साडेपाचला सुरू करायचं आणि दहाच्या आत थांबायचं, त्यानंतर कुणी टिकाव उचललाच तर बायका ओरडायच्या.

मला वाटलं होतं, गाळ काढायचा म्हणजे खणत जायचं. पहिल्याच दिवशी आप्पांनी हातातलं खोरं धरलं. आप्पा म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी, चाऱ्यांतून पाणी सोडणारे आणि वाटणारे. डोक्याला टॉवेल, हातात पारदर्शक पाणीनळी. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तीच. ‘थांबा पाव्हणं. किती खोल खणलालाव? चारी खोल झाली तर पाणी खाली बसतंय. शेत राहतंय वर, पाणी राहतंय खाली. मग बघत बसायचं पाण्याकडं.’ त्यांनी जुन्या मोरीचा दगडी तळ शोधून काढला होता आणि त्यावरून नळीने उतार धरत दर काही अंतरावर खुंट्या ठोकल्या होत्या. खुंटीच्या डोक्याखाली एक वीतसुद्धा जायचं नाही. जलसंधारणाच्या उत्साहात जेसीबी लावून ओढे खड्ड्यांसारखे खणलेले मी पुष्कळ पाहिलेत, फोटोत ते फार छान दिसतात. चारीला तो उत्साह चालत नाही. तिच्यात पाणी साठवायचं नसतं, ते वरच्या अंगाने पुढे न्यायचं असतं.

निघालेला गाळ काठावर टाकायचा नाही, हा दुसरा नियम. सगळ्यांत सोपी जागा तीच, एक पाऊल बाजूला आणि घमेलं रिकामं. पण तो गाळ भुसभुशीत असतो, पहिल्या पावसात परत आत. म्हणून तो ट्रॉलीत भरून शेतात. ज्यांची शेतं हलकी, मुरमाड, त्यांची तर झुंबड होती.

खरं काम काठाचं. गाळ काढायला शहरातून पोरं येतात, उत्साहात घमेली फिरतात, चार दिवसांत चारी लख्ख दिसते. काठ मात्र हळूहळू होतो आणि दिसत काहीच नाही. इथली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. काठावर पडलेल्या भेगेत मी कोपरापर्यंत हात घातला, तरी तळ लागला नाही. त्यात खेकड्यांची आणि घुशींची बिळं. खेकडे म्हटलं की 2019 मध्ये फुटलेलं कोकणातलं तिवरे धरण आणि त्यानंतर ‘खेकड्यांनी पोखरलं’ म्हणून त्यांच्यावर फाडलेलं बिल सगळ्यांना आठवतं. मीही तोंड उघडणार होतो, पण आप्पांनी एका बिळात पहार घातली आणि ती दुसऱ्या बाजूने शेतात बाहेर आली, तेव्हा गप्प बसलो. धरणाचं काय असेल ते असो, तीन-चार फूट रुंदीच्या काठाला एक बीळ पुरतं. पाणी आधी पाझरतं, मग बरोबर मातीचे कण घेऊन निघतं, फट रुंद होत जाते आणि एका रात्रीत काठ बसतो. तोडलेल्या बाभळीचं मूळ आत राहून कुजलं तरी तेच होतं. म्हणून काठावर झाड नको, हा आप्पांचा हट्ट. एका शाळेतल्या पोरांनी वृक्षारोपणासाठी रोपं आणली होती, ती त्यांनी शांतपणे गावठाणाच्या कडेला लावायला पाठवून दिली.

फुटका काठ भरायची रीत सांगतो, कारण ती मला नवी होती. जुन्या काठावर नुसती माती लोटली तर नव्या-जुन्याची सांध राहते आणि नेमकं तिथूनच पाणी निघतं. आधी जुन्या काठाचं गवत, मुळं खरवडून काढायची. मग त्याच्या उतारावर पायऱ्या पाडायच्या, म्हणजे नवा भराव त्यात अडकून बसतो. पाण्याकडच्या अंगाला काळी माती, कारण ती ओली झाली की पाणी धरते, आणि बाहेरून मुरूम, कारण तो फाटत नाही आणि ऊन सोसतो. भराव एकदम नाही करायचा. वीतभर थर, त्यावर टँकरचं पाणी शिंपडायचं, मग धुम्मस, म्हणजे माती ठोकायचं दांड्याचं जड ठोकणं. पाणी किती, हे आप्पा मुठीने ठरवायचे. ओंजळभर माती दाबायची, लाडू वळला पाहिजे. तो कमरेच्या उंचीवरून सोडायचा. धूळ होऊन विखुरला तर माती कोरडी, चपटा होऊन चिकटला तर फार ओली, चार-पाच ढेकळं झाली तर धुम्मस मारा. माझे लाडू पहिल्यांदा सगळे चिकटले. शेजारच्या मावशी हसल्या, ‘दिवाळीला येऊ नका आमच्यात.’

या मावशींनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आईबरोबर कामावर जायच्या. सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी न्यायच्या. धुम्मस मारताना त्या एका ठेक्यात मारायच्या, उचलायच्याही फार नाहीत. मी डोक्यावर उचलून आपटत होतो आणि पाचव्या मिनिटाला दमत होतो. ‘तिच्या वजनानं पडू द्या, तुम्ही कशाला ढकलताव,’ म्हणाल्या. त्यानंतर माझं जरा बरं चाललं.

वळणावर चारीच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा मार जास्त, तिथे दगडी पिचिंग केलं. सिमेंट नाही. दगड आडवा न टाकता उभा रोवायचा, लांब बाजू आत, आणि फटींत चिपा ठोकायच्या. एक वडार समाजातले मामा हे काम करत होते. दगड हातात घेऊन फिरवत, एकदा बघत आणि बसवत. दुसऱ्यांदा उचललेला दगड मी पाहिला नाही. आम्ही फक्त दगड पोचवायचे. बाहेरच्या उतारावर हरळीचे गड्डे लावले आणि थोडा वाळा. पावसाळ्यात ती धरली की काठाला तेवढंच पांघरूण.

जेवण मित्राच्या मामांच्या पडवीत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, वाटीभर डाळीची आमटी आणि तांब्यातांब्याने ताक. पुण्यात सोलापुरी म्हणून मिळणारी शेंगाचटणी म्हणजे दाण्याचं तिखट कूट असतं. इथली उखळात कुटलेली, तेल सुटून गोळा होणारी. याहून जास्त लिहीत नाही, नाहीतर लेख तिकडेच जाईल.

दुपारी पडवीत सगळे आडवे व्हायचे आणि तिथेच चारीचं खरं राजकारण कळायचं. पूर्वी शेजपाळी होती. कुणाला कुठल्या दिवशी किती वेळ पाणी, हे ठरलेलं. तरी माथ्याकडचे, म्हणजे चारीच्या सुरुवातीचे, लोक रात्रीत चारीचं दार उचलायचे आणि शेपटाकडच्यांच्या, शेवटच्या टोकाच्या लोकांच्या, वाट्याला नुसती ओली चारी यायची. आता पाणी वापर संस्था आहेत, 2005 चा कायदा आहे, शेपटाकडून माथ्याकडे पाणी द्यायचं धोरण आहे. ‘धोरण हाय की,’ आप्पा म्हणाले, ‘पण शेपटापर्यंत चारी पायजे ना आधी.’

आणि चारी शेपटापर्यंत नव्हती. मध्यावर एका ठिकाणी तिचा मागमूसच नाही. दोन्ही काठ पाडून, माती पसरून, सपाट रान केलेलं. त्यात उसाचं खोडवं. शेतकरी ओळखीचाच, गावातलाच, मामांच्या भावकीतला. श्रमदानाला तो रोज येत होता, हे मला आधी कळलंच नाही. इतरांच्या हद्दीत घमेली उचलायचा, चहाही एकदा त्याच्याकडूनच आला. त्याच्या रानापाशी मात्र खुंट्या थांबल्या होत्या.

मित्राने त्याला विचारलंच. तो चिडला नाही. म्हणाला, ‘वीस वर्षं पाणी आलं नाही. त्या वीस वर्षांत कुणी विचारायला आलं का? माझं चार एकर, त्यातून तिरकी चारी. नांगर फिरवायचा कसा?’ मग थोड्या वेळाने, ‘पाणी येतंय असं लिहून द्या, मी उद्या ऊस काढतो.’ तसं लिहून कोण देणार? आप्पा जुना नकाशा घेऊन आले होते, चारीची जागा सरकारी आहे हे त्यावर स्पष्ट होतं. त्यांनी तो उघडला नाही. मला ते पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही. खालच्या अंगाच्या सात-आठ घरांचं पाणी एका उसासाठी अडायचं, हा कुठला न्याय? पण आप्पांचं म्हणणं, नकाशा दाखवला तर चारी निघेल, पण रात्री तिच्यावर राखण कोण बसणार? तो माणूस काठाशेजारी राहतो. काठ त्यालाच सांभाळायचा आहे.

म्हणून ते रान सोडून खालच्या बाजूने पुढचं काम सुरू झालं. दोन्हीकडून नीट बांधलेली चारी आणि मध्ये ऊस. बाहेरच्या कुणी पाहिलं तर वेड्यात काढेल. मी निघालो त्या दिवशी मावशी त्याच टोकाला शेवटचा थर ठोकत होत्या आणि उसाचा मालक त्यांना टँकरचा पाइप धरून देत होता.

जूनमध्ये मित्राने मामांना फोन लावला. दोन बरे पाऊस झाले होते. पिचिंगचं वळण जागच्या जागी, हरळी धरलेली. एका ठिकाणी काठ चार बोटं खचला, तिथे बीळ राहून गेलं होतं, ते उकरून परत भरलं. उसाच्या रानातून उघडी चारी काढायला मालक अजून तयार नाही, पण जमिनीखालून सिमेंटचे नळे टाकायला हो म्हणालाय, वर नांगर फिरला पाहिजे या अटीवर. नळ्यांचा खर्च खालच्या अंगाच्या लोकांनी एकरी वाटून घ्यायचा ठरतोय. आप्पांची एकच काळजी आहे, नळ्यात गाळ बसला तर तो काढायचा कसा. दोन ठिकाणी साफसफाईचे हौद ठेवा, असं ते म्हणतात. मालक म्हणतो, एकच.