सहा मतांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मतदान प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे १७-सी नमुन्याची प्रत हाती दिली; यंत्राचा क्रमांक, नोंदवहीतील मतदारसंख्या आणि यंत्रात नोंदलेली एकूण मते तिच्यात असतात. माझी प्रत कार्बनची, पुसट. एकूण मतांचा शेवटचा अंक इंग्रजी एक आहे की सात, हे काही केल्या कळेना. पुढे केंद्रनिहाय निकालात तिथे सात आला आणि पानठेल्यावर सहा मते वाढल्याची चर्चा सुरू झाली.

आमच्या गुरुजींनी समजावून पाहिले. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांचा सहभाग असलेल्या समितीने २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला अहवाल दिला होता, की देशभरातील ४७९ यंत्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले हे मतदाराला दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजून यंत्रातील मतांशी पडताळल्या तरी पुरेसे आहे. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांची पडताळणी ठरवून दिली. एकाने लगेच विचारले, ‘‘गुरुजी, त्या पाचामंदी आपलं गाव होतं काय?’’ नव्हते. केंद्रांच्या सोडतीत आमचे नाव निघाले नव्हते. गणित चोख असेल, पण ते आमच्या भाषेत कोणी आमच्यापुढे ठेवलेलेच नव्हते.

म्हणून जानेवारीत दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून मी मूळ १७-सी ची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज केला. कशाला हवे, असे कार्यालयात विचारण्यात आले. कायद्यानुसार कारण सांगावे लागत नाही, एवढेच मी म्हणालो. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले, की निवडणुकीची सर्व कागदपत्रे मोहोरबंद आहेत. यात अर्धी चूक माझी होती, कारण मी १७-सी सोबत मतदारांच्या स्वाक्षऱ्यांची १७-ए नोंदवहीही मागितली होती. निवडणूक नियमावलीतील नियम ९३ नुसार ती नोंदवही न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही. १७-सी मात्र त्या बंद पाकिटांच्या यादीत नाही. पहिल्या अपिलात, वीस रुपयांच्या तिकिटावर, मी नोंदवहीची मागणी सोडली आणि एवढा एकच मुद्दा लिहिला. सुनावणीत साहेबांनी नियम स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि प्रत देण्याचा आदेश केला. अमरावतीला माहिती आयोगाच्या खंडपीठापुढे जाण्याची वेळ आली नाही.

दोन पाने, चार रुपये. पहिल्या पानावर मूळ शाईत सात स्पष्ट होता, त्याच्या पोटात आडवी रेघ मारलेली. दुसऱ्या पानावर मतमोजणीच्या दिवशीची उमेदवारनिहाय बेरीज, तीही तितकीच.

सहा मतांची गोष्ट ज्याने काढली होती, त्याने दोन्ही कागद पानठेल्याच्या बल्बाखाली धरून पाहिले, माझी कार्बनप्रत शेजारी ठेवली आणि म्हणाला, ‘‘सातच हाय.’’ मग थांबून त्याने शेजारच्या केंद्राचा १७-सी मिळेल का, असे विचारले. तो अर्ज त्याने स्वतः लिहिला. तिकीट तेवढे माझ्याकडून नेले.